अंडी मागणारी पोरं आणि सेफ्टी डोअर

जेलरोडकर: परवा इथे कुणीतरी 'फनी गेम्स' या सिनेमावर लिहिलं, "प्रत्येक आईबापाने मुलांना शेजारी बसवून बघावा." दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही. तळ्याकाठच्या बंगल्यात सुट्टीला आलेलं कुटुंब, पांढरे हातमोजे घालून अंडी मागायला आलेली दोन गोडबोली पोरं, मग रात्रभर छळ. बरं, छळ तर छळ. शेवटी बाई बंदूक उचलून एकाला उडवते, आपण सरसावून बसतो, तर दुसरा रिमोट शोधून सिनेमाच मागे फिरवतो! वर दिग्दर्शक हानेकेसाहेबांचा सूर असा, की हिंसा बघायची हौस तुम्हालाच. अहो, १९९७ला जर्मनमध्ये केलात, मन भरलं नाही म्हणून २००७ला तोच इंग्रजीत, जवळजवळ शॉटला शॉट. मग हौस कुणाची?

रविवार कारंजा: रिमोट खुपला ना? खुपावा म्हणूनच आहे तो. एक माणूस मेला म्हणून तुम्ही सरसावलात, हे स्वतःच लिहिलंय. मारणं जवळजवळ सगळं पडद्याबाहेर आहे. त्या कुटुंबातलं पोरगं मरतं तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात, तिथे त्या दोघांतला एकजण सँडविच करतोय. बाहेरून फक्त आवाज. नंतर टीव्हीवर गाड्यांची शर्यत घूंऽऽ घूंऽऽ चालूच, आणि किती तरी वेळ कॅमेरा हलत नाही. आपल्याकडच्या सूडपटांत शिट्ट्या वाजतात, ते चालतं वाटतं?

जेलरोडकर: मी शिट्ट्या मारत नाही. माझ्यावर ढकलू नका.

इंदिरानगरची सून: मी तर अंड्यांपाशीच बंद केला. तो अंडी फोडतो, पुन्हा मागतो, फोन पाण्यात पाडतो, तरी बाई भिडेखातर सांभाळून घेतेय. सेम आमच्या सासूबाई! गेल्या महिन्यात कुरिअरवाला म्हणून एकजण आला, पाणी मागितलं. यांनी सेफ्टी डोअर उघडून त्याला सोफ्यावर बसवलं, वर बेसनाचा लाडू. मी भाजी घेऊन येते तर हा बुवा आमच्या शोकेसमधल्या चांदीच्या समया बघत बसलेला. पार्सल नव्हतंच.

पंचवटीचा म्हातारा: सूनबाई, पाणी मागणाऱ्याला दारातून हाकलायचं का? आमच्या वाड्याचं दार सकाळी उघडायचं ते रात्री निजताना लागायचं. २०१९ला गोदावरीच्या पुरात काठावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात गेली, तेव्हा ओळख ना पाळख अशा चार पोरांनी आमचं गोदरेजचं कपाट माडीवर चढवलं. मी काय त्यांचं आधार कार्ड बघायचं होतं?

इंदिरानगरची सून: काका, पुरात दार उघडंच असतं. दुपारी दोनला घरात एकटी बाई असताना बोला.

सिडकोवाला: वाड्याचं कौतुक पुरे. आमच्या वाड्यात चोरी बाहेरच्याने नाही, सख्ख्या चुलत्याने केली. आजीच्या पाटल्या. पोलिसात जाऊ दिलं नाही, का तर घराण्याची अब्रू. आणि काका, एवढा वाडा प्यारा तर गंगापूर रोडला नवव्या मजल्यावर काय करताय? मागे तुम्हीच लिहिलं होतंत.

पंचवटीचा म्हातारा: गुडघे गेलेत माझे. लिफ्ट लागते. काढा अक्कल.

रविवार कारंजा: सिनेमावर बोलायचं का?

सिडकोवाला: सिनेमावरच चाललंय. ती पोरं शेजारच्यांचंच नाव सांगून तर येतात ना अंड्यांसाठी. ओळखीतूनच आली की.

जेलरोडकर: हा मुद्दा बरा आहे. कारंजा, तुमचा सँडविचचाही मान्य, रक्त दाखवलं असतं तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. घ्या, जिंकलात, नारळ फोडा. पण त्या कुटुंबाच्या कुत्र्याला मारायचं काहीही कारण नव्हतं, ते मी सोडणार नाही. आणि "मुलांना शेजारी बसवून" लिहिणारे महाशय आहेत कुठे?

द्राक्षबागवाला: मीच तो. खरं सांगू, अंडी मागतात तिथपर्यंतच बघितलाय. लाइट गेली होती.