मदत हवी आहे: आयसीयूत स्टाफ कमी, इन्फेक्शन जास्त. कमिटीपुढे काय मांडू?

चिकटपट्टी
परवा इन्फेक्शन कंट्रोल कमिटी आहे, जरा लवकर सांगा. आमचा रेट दुप्पट झालाय आणि साहेब म्हणतात, सिस्टर हात धूत नाहीत. अहो, हात रिकामे तर असू देत! स्टाफ वाढला की इन्फेक्शन घटतं, याचा पुरावा हवाय. हात कसे धुवावेत ते प्लीज सांगू नका.

आकडेमोड
कुठला रेट? व्हॅप (व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया), क्लॅबसी (मोठ्या शिरेतल्या सेंट्रल लाइनमुळे रक्तात होणारं इन्फेक्शन) की युरिनचा? बेड किती? नाइटला सिस्टर किती?

चिकटपट्टी
क्लॅबसी. बेड 12. स्टाफ कमी आहे, लिहिलंय की वर.

भूलवाला
सिस्टरचं नंतर. आयसीयू ओपन की क्लोज्ड? ओपनमध्ये प्रत्येक कन्सल्टंट आपापला पेशंट बघायला येतो, 'लाइन राहू दे अजून' म्हणतो आणि जातो. काढायची कुणी? पूर्णवेळ इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे फक्त आयसीयू बघणारा डॉक्टर, नेमा. आयसीयूतल्या डॉक्टरांच्या नेमणुकीवरचा प्रोनोव्होस्ट यांचा 2002 चा आढावा दाखवा कमिटीला.

निवृत्त_मेट्रन
डॉक्टर, त्या आढाव्यात मृत्यू आणि मुक्काम मोजलेत, इन्फेक्शन नाही. चिकटपट्टीताई, तुम्ही 2007 चा जिनिव्हाचा अभ्यास घ्या. एका पेशंटमागे सिस्टर जास्त, तिथे इन्फेक्शनचा धोका कमी, असं सरळ निघालंय त्यात. आणि हे मी रोज बघितलंय. लाइनचा हब (सिरिंज जोडायचं तोंड) स्पिरिटने 15 सेकंद घासायचा असतो. तेवढ्यात शेजारचा व्हेंटिलेटर ओरडतो, मग बोळा नुसता टेकवतात आणि सिरिंज जोडतात.

फवारणी
दर आठवड्याला फ्युमिगेशन करा. आमच्याकडे फरक पडला.

भूलवाला
मिशिगनमध्ये शंभरावर आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळल्या. हात धुणं, लाइन टाकताना पेशंटला पूर्ण ड्रेपिंग (निर्जंतुक कापडाने झाकणं), क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, जांघेतली लाइन टाळणं, नको ती लाइन काढणं. तीन महिन्यांत क्लॅबसीच्या रेटचा मध्यक हजार लाइन-दिवसांमागे 2.7 वरून शून्यावर. 2006 चा पेपर आहे. त्यासाठी भरती नाही करावी लागली.

निवृत्त_मेट्रन
त्यातच सिस्टरला अधिकार होता, डॉक्टर चुकला तर लाइन टाकणं थांबवायचा. थांबवायला ती कॉटपाशी मोकळी उभी हवी ना?

बी_टू_पास
सिस्टर, इथे कशाला मरताय? जर्मन शिका, बी-टू लेव्हल करा. माझी बायको गेली जर्मनीला.

निवृत्त_मेट्रन
अशाने तर नाइटला कोणी उरत नाही.

आकडेमोड
मूळ मुद्द्यावर या. 'दुप्पट' म्हणजे केसेस की रेट? लाइन-दिवस काढलेत का? रोज ठरलेल्या वेळी सेंट्रल लाइनवाले पेशंट मोजायचे, एकाला दोन लाइनी असल्या तरी एकच धरायचा. केसेस भागिले लाइन-दिवस, गुणिले 1000.

चिकटपट्टी
साहेबांच्या स्लाइडवर नुसत्या केसेस आहेत, 2 आणि 4. चार्ट काढून मोजले. मागच्या महिन्यात 140 लाइन-दिवस, या महिन्यात 290. नाइटला दोन्ही महिने तीनच सिस्टर, त्यातल्या दोघी एजन्सीच्या, नवीन.

आकडेमोड
हे आधी सांगायचं होतं! 14.3 आणि 13.8. रेट वाढलाच नाही. पण दोन्ही आकडे वाईटच आहेत, आणि दोन-चार केसेसवर ठाम काही बोलूही नका. लाइनी दुप्पट, सिस्टर तेवढ्याच, हे मात्र ठामपणे मांडा. शेजारी एनएबीएचचा (हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या संस्थेचा) सिस्टरांचा निकष ठेवा: व्हेंटिलेटरवर एकास एक, बाकी दोन पेशंटना एक, तेही प्रत्येक शिफ्टला.

भूलवाला
आणि 290 का झाले तेही विचारा. नको असलेल्या किती लाइनी राहिल्या? ओपन आयसीयू आहे ना तुमचं?

चिकटपट्टी
हो, ओपनच. राउंडच्या कागदावर 'लाइन आजही हवी का' हा रकाना टाकायला सांगते. पण सही कन्सल्टंटची, आमची नाही. नाइटला निघते आता.

फवारणी
फ्युमिगेशनवर कोणी बोललंच नाही.