मदत हवी आहे: बेसमेंटमधलं पाणी उपसायला अग्निशमन दल येतं का?

मंडळी, आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो, वंदना एसटी स्टँडजवळ. म्हणजे पुढचं सांगायलाच नको. खाडीला भरती आणि वर मुसळधार पाऊस, की नाल्यांतलं पाणी उलटं फिरतं. काल रात्री ते रॅम्पवरून थेट बेसमेंटमध्ये उतरलं. सकाळी बघतो तर स्कूटरचे फक्त आरसे वर, आणि कुणाची तरी निळी चप्पल तरंगतेय.

मीटरची केबिन खालीच आहे (बिल्डरची कृपा!), त्यामुळे महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतला. कुणालाही खाली उतरू दिलेलं नाही.

आता प्रश्न. १०१ वर फोन केला तर अग्निशमन दल नुसतं पाणी उपसायलाही येतं, की माणूस अडकला असेल तरच? अडकलेल्यांना आधी, हे मान्यच. पण मग आमच्यासारख्यांनी महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवायचं का? शुल्क लागतं का?

हिशेब असा: २० बाय १५ मीटर, पाणी मीटरभर, म्हणजे ३ लाख लिटर. मिनिटाला ५०० लिटरचा पंप भाड्याने आणला तरी १० तास. सेक्रेटरीकाका डिझेल पंप खालीच ठेवायचं म्हणतात. बंद जागेत धुराने माणूस गुदमरतो, म्हणून मी अडवलंय. शिवाय बाहेरची जमीन भिजलेली असताना भराभर उपसलं तर भिंतींवर दाब येतो म्हणतात. तुम्ही किती टप्प्यांत उपसलंत? कुणी अनुभवी असेल तर प्लीज लवकर सांगा, टाकीत पाणी संध्याकाळपर्यंतच पुरेल.