आजी-आजोबांची आठवण मेळाव्यात कशी जागवावी?

पडवी:
येत्या मे महिन्यात आमच्या कुटुंबाचा मेळावा कणकवलीजवळच्या गावी, जुन्या घरात भरतोय. मुंबई, पुणे, बडोदा मिळून साठेक माणसं. आजोबा जाऊन 21 वर्षं झाली, आजी त्यांच्यामागे चार वर्षांनी गेली. दोघांसाठी काहीतरी करायचं एवढं सगळ्यांना मान्य आहे, पण गाडी तिथेच अडली आहे. चुलतभाऊ म्हणतो, खळ्यात मोठा फ्लेक्स लावू, हार घालू, प्रत्येकाने दोन शब्द बोलू. धाकटी आत्या म्हणते, म्हाळ दरवर्षी घालतोच, पोरं हौसेने जमणार तिथे रडारड नको. मला आत्याचं पटतं. पण आमच्या मुलांनी या दोघांना पाहिलेलंच नाही. ती नुसते आंबे खाऊन परत गेली तर माझ्या जिवाला लागेल.

आजोबा मुंबईत लालबागला, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. आजी गावी, शेती आणि सहा मुलं घेऊन. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, तो मिटलाच नाही. आजोबा वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. परवा त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी सुतळीने बांधलेला गठ्ठा, मनिऑर्डरच्या पोचपावत्यांचा. जुन्या पावत्यांवर आजीच्या अंगठ्याचा ठसा. आणि मग एका पावतीवर ठशाच्या जागी सही! अक्षरं ओळीखाली घसरलेली, वेलांटी उलट्या बाजूला. ती पावती आजोबांनी क्रम मोडून सगळ्यात वर ठेवली होती. आजी सही कधी शिकली, कुणाकडून, आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

आजीचा फोटो म्हणाल तर निवडणूक ओळखपत्रावरचा, तेवढाच. हे सगळं त्या साठ जणांपुढे कसं मांडू?

जुनीवही:
आधी एक सांगते, पावत्या लॅमिनेट करू नका. ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडते आणि कागदाला डाग धरतो. सासऱ्यांच्या पत्रांचं हे नुकसान मी माझ्या हाताने केलंय, अजून हळहळ वाटते. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पावतीचा पुढून-मागून फोटो काढा. मेळाव्यात मोठ्या छापलेल्या प्रती मांडा, मूळ गठ्ठा ट्रंकेतच राहू दे.

घावनवाली:
फोटो कित्याक होयो? शिरवाळे करा, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया. आमच्याकडे आजीचं नाव काढायचं तर साचा काढावा लागतो. तांदळाच्या पिठाचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे. गार झाले की दांडा हलत नाही. एकट्याचं कामच नाही ते. दोघांनी दाबायचं, तिसऱ्याने खाली पान धरायचं, कुणीतरी नारळ खवायला बसायचं. रसात गूळ-वेलची पडेपर्यंत म्हातारी माणसं बोलायला लागलेली असतात. माईक हातात दिला की तीच माणसं गप्प होतात.

मूळगाव:
वंशावळ लावणार असाल तर बायकांची नावं माहेरच्या गावासकट घाला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. तुमचे पूर्वज तिथे गेले असतील तर पुरुषांची नावं मिळू शकतील. लेकी-सुनांची ओळ मात्र अशा ठिकाणी बहुधा कोरीच. ती घरातल्या सगळ्यात वडील बाईला विचारूनच भरावी लागते. मेळाव्याची वाट पाहू नका, आजच फोन करा.

पडवी:
तुमचं ऐकून काल थोरल्या आत्याला फोन केला. सही तिनेच शिकवली होती! ती तेव्हा चौथीत. रात्री भांडी झाली की पडवीच्या जमिनीवर चुलीतल्या कोळशाने दोघी अक्षरं काढायच्या, सकाळी सारवणात पुसली जायची. पोस्टमनने शाईची डबी पुढे केली तेव्हा आजी म्हणाली, "पेन दी." हे सांगताना आत्या मध्येच थांबली, बराच वेळ बोललीच नाही.

आता फ्लेक्स रद्द. पावत्यांच्या प्रती पडवीतच, मुलांच्या उंचीला लावणार, आणि आत्या तिथे बसून त्यांना सांगणार. धाकट्या आत्यानेही हो म्हटलंय. शिरवाळ्यांचा साचा माळ्यावर सापडला. दांड्याची खुंटी तुटली आहे, सुताराकडे दिलाय.