मदत हवी आहे: परत आल्यावर तिथलं इथे सांगायचं कसं?

नमस्कार मंडळी,

दहा महिने परदेशात निर्वासितांच्या एका छावणीत पाण्याचं काम करून गेल्या महिन्यात परतले. देश कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. छावणी लहान आहे आणि तिथल्या काहींना शोधणारी माणसं अजून मोकळी फिरताहेत.

जाताना ओळखीपाळखीच्या साठेक जणांनी पैसे जमवून दिले होते. येत्या शनिवारी त्यांच्यासमोर पाऊण तास बोलायचंय, आणि माझी दातखीळ बसली आहे.

घरी सगळे विचारतात, "कसं होतं गं?" मी सुरू करते आणि दुसऱ्याच मिनिटाला समोरच्याची नजर मोबाइलकडे वळते. आत्या म्हणाली, "बिचारे! आपण किती सुखी ना." झालं, विषय संपला. मामेभावाला मी किती जीव वाचवले ते ऐकायचं होतं. अहो, मी क्लोरीन मोजत होते! रोज सकाळी नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, क्लोरीन असेल तर रंग आणणारी गोळी टाकायची, गुलाबी रंग किती गडद येतो ते तक्त्याशी ताडून बघायचं. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली आलं की टाकीवर निरोप धाडायचा. मदतकार्यासाठी 'स्फिअर' नावाची मानकं आहेत, त्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं असा हिशोब आहे. आमच्या एकेका नळावर चारशे असायची. मग रांगा, रांगेत भांडणं, भांडणात फुटलेल्या बादल्या. हे काम मला शिकवलं ते छावणीतल्याच एका बाईंनी. त्या आधी शाळेत शिकवायच्या. संस्थेच्या अहवालात त्यांचा उल्लेख 'लाभार्थी' असा आहे आणि माझा 'तज्ज्ञ' असा. हे वाचून मला अजून कसंतरीच होतं.

आता खरी अडचण. संयोजक म्हणतात, "मुलांचे फोटो दाखव, लोकांना तेच भिडतं." माझ्याकडे तसा एक आहे. नळाखाली ओंजळ धरलेली पाचेक वर्षांची मुलगी. सुंदर आलाय, खोटं कशाला बोलू. तिच्या आईला विचारलं होतं, तिनं मान हलवली होती. पण माझ्या गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं आणि ती पाण्याच्या रांगेत उभी होती. नाही म्हणणं तिला शक्य तरी होतं का? ही परवानगी धरायची की नाही?

परतवारी: तुमचं काही बिघडलेलं नाही. परदेशात राहून परतलेल्या अमेरिकनांचा अभ्यास करून गुलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की परक्या देशात गेल्यावर बसतो तसाच घरी आल्यावर दुसरा धक्का बसतो. मी परतलो तेव्हा चार महिने धड कोणाशी बोललो नव्हतो. घरच्यांना सगळं सांगायच्या फंदात पडू नका. एक माणूस निवडा, एक दिवस निवडा, तेवढंच सांगा.

हिशेबनीस: थोडं कडू बोलतो. भावना ठीक आहेत, पण पुढच्या वर्षी नळांना पैसे लागणारच. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सात वर्षांच्या एका मुलीची माहिती दाखवली तेव्हा लोकांनी नुसत्या आकडेवारीपेक्षा जवळपास दुप्पट पैसे दिले. आणि मुलीच्या जोडीला आकडे ठेवले तर देणगी उलट घटली! तेव्हा तुमचे २५० आणि ०.२ घरी ठेवा. फोटो दाखवा.

ओलीमाती: हिशेबनीस, प्रयोग खरा आहे, पण फोटोतल्या मुलीला त्यात कोणी विचारलं होतं? १९९४ च्या रेड क्रॉसच्या आचारसंहितेत दहावा मुद्दा नेमका हाच आहे: आपत्तीत सापडलेल्यांना प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवा, केविलवाण्या वस्तू म्हणून नको. ताई, माझ्या मते ती परवानगी नव्हे. चेहरा कापून नुसती ओंजळ दाखवा. आणि कुठलाही फोटो कोणालाही पाठवण्याआधी त्यात दडलेली जागेची नोंद पुसा. पळून आलेल्या माणसांच्या बाबतीत ही चूक महागात पडते.

आकड्यांचं म्हणाल तर ते दाखवू नका, उचलायला लावा. दाराशी वीस लिटरच्या कॅनमध्ये पंधरा लिटर पाणी भरून ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो खुर्चीपर्यंत न्यायला सांगा. माणशी पंधरा लिटर म्हणजे काय ते हाताला कळेल. भाषणाची निम्मी वेळही वाचेल.

आणि त्या शिक्षिकाबाईंना विचारलंत का, की तुमच्याबद्दल काय सांगू?

धागाकर्ती: ओलीमाती, खरं सांगते, हे सुचलंच नव्हतं. दहा महिने रोज सोबत होतो आणि विचारायचं डोक्यातही आलं नाही. काल मेसेज केला. रात्री उत्तर आलं. नाव घेऊ नकोस, बाकी काहीही सांग, म्हणाल्या. शिवाय, "पहिल्या आठवड्यात तू व्हॉल्व्ह उलटा फिरवून दोन तास पाणी मातीत घालवलंस, ते पण सांग. लोक अजून हसतात."

हे मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारी सुरुवात तिथूनच करते. ओंजळीचा फोटो कापून बघितला, चालेल असं वाटतंय. हिशेबनीस, पैसे कमी आले तर तुम्हाला येऊन सांगेन, नक्की.

वीस लिटरचे चार-पाच कॅन एकदम भाड्यानं मिळतात का, कोणाला माहीत आहे?