कोथरूड : सोसायटीच्या आसपासचे पक्षी-झाडं बघायला सुरुवात कुठून करू? (आणि हा पक्षी कोणता?)

खिडकीतली_खुर्ची

नमस्कार मंडळी. डहाणूकर कॉलनीच्या बाजूला राहतो, जॉब बराचसा घरूनच, त्यामुळे दिवसभर खिडकीशी बसलेला असतो. समोर एक जुना अवाढव्य पर्जन्यवृक्ष आहे, आजवर तो फक्त गाडीवर कचरा पाडतो एवढीच त्याची ओळख होती. पण मार्चपासून त्यावर एक राखाडी पक्षी येतोय, लांब शेपूट, भली मोठी वाकडी चोच, ओरडतो मात्र घारीसारखा. गंमत म्हणजे तो इकडेतिकडे बसत नाही, एका ठराविक फांदीशी ढोलीसारखं काहीतरी आहे तिथेच खोडाला चिकटतो, मान पुढेमागे करतो आणि जातो, थोड्या वेळाने परत हजर. आत काही दिसत नाही, भोक जवळपास बुजलेलंच आहे.

तर एक, हा कोण? आणि दुसरं म्हणजे आता नाद लागलाय. ऑफिसात विचारलं तर सगळे म्हणतात भिगवणला जा, ताडोबाला जा. अरे बाबांनो घरात तिसरीतली मुलगी आहे, शनिवारी तिचा क्लास, रविवारी किराणा. मला चालत जाऊन काय बघता येईल ते सांगा. मोठा कॅमेरा लागतो का?

ता. क. सेक्रेटरींनी नोटीस लावलीये, पावसाळ्याआधी या झाडाच्या फांद्या छाटणार म्हणून.

टेकडीवरचा_दगड

अहो, आधी ता. क. चं बघा, बाकी सगळं नंतर!! तो राखी धनेश आहे आणि तुम्ही जे वर्णन केलंय ते अगदी घरट्याचंच दिसतंय. मादी आत आहे. ती ढोलीत शिरते आणि दार आतून स्वतःच्या विष्ठेने लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आत असताना पिसंपण गाळते त्यामुळे त्या काळात तिला उडता येत नाही. नर बाहेरून उंबर, वड, पिंपळाची फळं गिळून आणतो आणि एकेक करून त्या फटीतून भरवतो, मान पुढेमागे करतो म्हणताय ते हेच. म्हणजे ती फांदी आत्ता तोडली तर मादी आणि पिल्लं दोन्ही गेली.

मार्च ते जून साधारण हा काळ असतो. आणि ढोल्या जुन्या झाडांनाच असतात, बिल्डिंगसमोर लावलेल्या अशोकाच्या रांगेत धनेश काय करणार.

नियम_काका

छाटणी असो की तोड, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे, सोसायटीच्या आवारातलं झाड म्हणजे सोसायटीची मालमत्ता असं बऱ्याच कमिट्यांना वाटतं, तसं नाहीये. सेक्रेटरींशी भांडू मात्र नका, अनुभवाने सांगतो, भांडलं की माणूस हट्टाला पेटतो. त्यांना खिडकीत बोलवा, चहा द्या आणि नर येईपर्यंत बसवून ठेवा. परवानगीचा कागद आहे का ते चहा संपल्यावर विचारा.

वाळलेली, खरंच धोकादायक फांदी असेल तर तेवढीच काढता येईल, घरट्याची सोडून.

भोरड्या_फॅन

धनेश घरबसल्या बघताय आणि सुरुवात कुठून करू विचारताय, कमाल आहे राव 😄

माझं मत, टेकडीबिकडी राहू दे, तुमचं ते एकच झाड वर्षभर बघा. लिस्ट वाढवण्याच्या मागे लागलेले लोक मी खूप बघितलेत, एका सकाळी चाळीस नावं लिहितात आणि त्यातल्या एकाही पक्ष्याला दोन मिनिटं बघत नाहीत. पर्जन्यवृक्ष मूळचा अमेरिकेतला असला तरी आता त्यावर सगळी वस्ती असते. तांबट असेल (टुक टुक टुक एका लयीत, उन्हाळ्यात दुपारी पण थांबत नाही), ढोलीत पिंगळा असू शकेल, संध्याकाळी अंधार पडताना बघा. थंडीत पानांत वटवट्या येतो, दिसत नाही पण आवाज दिवसभर. शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आला की खारी आणि साळुंक्या जो दंगा करतात त्यावरूनच कळतं. हे पण सगळं खुर्चीतूनच!

आणि जवळपास काटेसावर किंवा पळस कुठे आहे ते हेरून ठेवा. फेब्रुवारीत फुलला की त्यावर भोरड्यांचे थवे पडतात, गुलाबी अंग आणि काळं डोकं, मध्य आशियाकडून थंडीला आलेले असतात, परत जायच्या आधी मधावर ताव मारतात. माझ्यासाठी पुण्यातला सगळ्यात भारी सीन तोच, भिगवणचे फ्लेमिंगो नंतर.

टेकडीवरचा_दगड

टेकडी राहू दे कशी म्हणता, कोथरूडकरांना म्हातोबा टेकडी आहे आणि वेताळ टेकडी चालत जाण्यासारखी. खाणीच्या बाजूला सकाळी सातच्या आत पोचलात तर मोर नक्की ऐकू येतील, दिसतील पण बहुतेक. थंडीत थिरथिरा, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. मे अखेरीस पहिल्या सरींच्या आसपास नवरंग येतो, दिसायला तर काय विचारता, सगळे रंग एकाच पक्ष्यात. त्या दिवसांत तो दमून कुणाच्यातरी बाल्कनीत किंवा काचेवर आपटून पडलेला सापडतो, असा सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात शांत ठेवा, पाणी तोंडात ओतू नका, सावरला की झाडीत सोडा, नाही सावरला तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना कळवा.

फक्त एक, फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीवर फिकट गुलाबी फुलं बघून लोक रील काढतात, चेरी ब्लॉसम म्हणे. ती ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, बाहेरून आणून लावलेली. दिसते छान, पण तिच्याखाली बाकी फारसं काही नीट उगवत नाही. आपला तरवड, पळस, बहावा, मेडशिंगी बघायला शिका आधी.

कढीपत्ता_कुंडीतला

@टेकडीवरचा_दगड ग्लिरिसिडियावर एवढा राग नका काढू, उघड्या बोडक्या टेकडीपेक्षा बरं. असो, तो वाद इथे नको.

मला मुलीचं सुचवायचंय. पक्षी लांब असतात, मुलांना कंटाळा येतो, त्यांना अळ्या द्या! कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावा, औषध मारू नका. लाइम किंवा मॉरमन फुलपाखरू येऊन पानावर एकेक अंडं ठेवतं, अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, मग एकदम हिरवीगार, मग कोष. रस्त्याकडेच्या रुईवर पट्टेवाल्या अळ्या दिसल्या तर त्या प्लेन टायगर फुलपाखराच्या (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका तेवढं). सासूबाई म्हणतात पोह्यांना कढीपत्ता उरत नाही, तो प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही.

जूनच्या पहिल्या पावसात तिला टेकडीच्या पायथ्याशी न्या, मखमली लाल मृगाचे किडे दाखवा. बूट मात्र घालून, पावसाळ्यात गवतात घोणस असते, दगड हाताने उलटायचे नाहीत.

आणि प्लीज, "निसर्गप्रेम" म्हणून बाल्कनीत धान्य टाकू नका. येतात फक्त कबुतरं, आणि ती काय करून ठेवतात ते वॉशिंग मशीनवाल्या बाल्कनीला विचारा. पाण्याचं पसरट भांडं ठेवा, रोज धुवून.

भोरड्या_फॅन

कॅमेरा नको. ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) दुर्बीण घ्या, तीपण आधी कुणाची तरी मागून बघा. मोबाइलवर मर्लिन ॲप फुकट आहे, आवाजावरून नाव सुचवतं, पण डोळ्यांनी दिसल्याशिवाय विश्वास ठेवू नका, आणि घरात मिक्सर चालू असेल तर विसराच. ॲपमधले आवाज मोठ्याने वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, विणीच्या दिवसांत तर अजिबातच नाही. धनेशाचे फोटो काढा पण लोकेशन टाकू नका, झाडाखाली जत्रा भरेल.

खिडकीतली_खुर्ची

सगळ्यांना थँक्यू, एवढं अपेक्षितच नव्हतं. मादी आत बसलीये हे वाचून बायको आणि मुलगी दोघी खिडकीवर, माझं टेबल गेलं.

सेक्रेटरींना काल बोलावलं. अर्धा तास काही आलं नाही, ते घड्याळ बघायला लागले, दुसरा चहा ठेवला, आणि मग आला एकदाचा. तीन-चार फळं भरवून गेला. ते काही बोलले नाहीत, जाताना म्हणाले छाटणीचं जुलैनंतर बघू, आणि वॉचमनलाही सांगतो म्हणाले. परवानगीच्या कागदाचं विचारलं तर विषय बदलला 😅

@नियम_काका उद्यान विभागाला आधीच एक अर्ज देऊन ठेवू का, की आता नको?

नियम_काका

द्या. सोबत फोटो जोडा आणि पोच घ्या. जुलैनंतर कमिटी बदलली तर नवे सेक्रेटरी कोण असतील काय माहीत.