कॅल्क्युलसची सूत्रं पुन्हा डोक्यात कशी बसवावीत? (रोज ३० मिनिटं, ६ आठवडे)

पुन्हा_वही: १२ वर्षांच्या खंडानंतर परत अभ्यास सुरू केलाय. संकल्पना कळतात, चेन रूलही (फंक्शनच्या आत फंक्शन असतं तेव्हाचा डेरिव्हेटिव्हचा नियम) समजतो. कोष्टक वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण पान झाकलं की हात थांबतो. मुख्य अडचणी: ट्रिगची चिन्हं, भागाकाराच्या नियमातला क्रम, कुठल्या इंटिग्रेशनमध्ये बाहेर १/ए (ए म्हणजे सूत्रातला स्थिरांक) येतो आणि कुठे नाही, आणि बाय पार्ट्स (दोन फंक्शनांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन). रोज ३० मिनिटंच मिळतात. वही, पेन्सिल आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढ्यातच भागवायचंय. ॲप नको, व्हिडिओ नको. सुरुवात कुठून करू?

डबा_पाच: कार्डं. जाड कागदाच्या पट्ट्या कापा, एका पट्टीवर एकच प्रश्न. पुढे "टॅन एक्सचा डेरिव्हेटिव्ह", मागे "सेक² एक्स". उलट दिशेचं कार्ड वेगळं करा, कारण डेरिव्हेटिव्ह येतो म्हणून इंटिग्रेशन आपोआप आठवत नाही. पाच कप्पे: पहिला रोज, मग २, ४, ८ आणि १६ दिवसांनी. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज नवी कार्डं ५ पेक्षा जास्त नकोत. एका कार्डावर सहा सूत्रं लिहिली की पद्धत मोडते. पाच आठवतात, एक चुकतं, मग कार्ड कुठे ठेवायचं?

सरळरेषा: कार्डांपेक्षा अँकी हे कार्डांचं ॲप लावा. कप्प्यांचा हिशेब तेच ठेवतं, गणिती चिन्हंही नीट दिसतात. आणि ३० मिनिटं कमी आहेत, दीड तास तरी काढा.

शून्यशेष: धागाकर्त्यांनी ॲप नको म्हटलंय. मुळात पाठ करायचं ते कमी करा. साइन आणि कॉस एवढे दोनच पक्के हवेत. टॅन म्हणजे साइन भागिले कॉस, भागाकाराचा नियम लावा, वर कॉस² + साइन² = १ येतं आणि १/कॉस² उरतं. सेक म्हणजे कॉसचा उणे एक घात, चेन रूलने सेक·टॅन. आर्कसाइनसाठी वाय = आर्कसाइन एक्स उलटं लिहा: एक्स = साइन वाय. डेरिव्हेटिव्ह घ्या, कॉस वायच्या जागी √(१ − एक्स²) ठेवा, उलटवा. चार ओळी.

चिन्हांसाठी एकच खूण: ज्याच्या नावात सुरुवातीला "को" आहे (कोसाइन, कोटॅन, कोसेक) त्याच्या डेरिव्हेटिव्हला वजा. हे फक्त डेरिव्हेटिव्हसाठी. हीच खूण इंटिग्रेशनला लावली की साइनचं इंटिग्रेशन चुकतं, ते उणे कॉस आहे.

मोजपट्टी: १/ए चं उत्तर एककांमध्ये आहे. एक्स आणि ए दोन्ही लांब्या समजा, मीटरमध्ये. डीएक्सही मीटर.

१/(ए² + एक्स²) चं इंटिग्रेशन: मीटर भागिले मीटर², म्हणजे १/मीटर. आर्कटॅनला एकक नसतं, म्हणून बाहेर १/ए यायलाच हवा. १/√(ए² − एक्स²): मीटर भागिले मीटर, एकक उरलंच नाही, म्हणून नुसतं आर्कसाइन(एक्स/ए). √(ए² − एक्स²) चं इंटिग्रेशन मीटर² हवं, म्हणून तिथे (एक्स/२)√(ए² − एक्स²) + (ए²/२) आर्कसाइन(एक्स/ए). १/(एक्स² − ए²) मध्येही १/मीटर, म्हणून लॉगच्या बाहेर १/(२ए).

यातून ए चा घात कळतो, २ सारखा आकडा कळत नाही. तो डेरिव्हेटिव्ह घेऊनच तपासावा लागतो.

सरळरेषा: मग १/√(एक्स² + ए²) चं उत्तर लॉग(एक्स + √(एक्स² + ए²)) कसं? लॉगच्या आत मीटर आला की.

मोजपट्टी: रास्त शंका. आतलं सगळं ए ने भागा, म्हणजे एकक जातं. भागल्यामुळे फक्त "उणे लॉग ए" वाढतं, आणि तो स्थिरांक सी मध्ये मिसळतो.

मायमराठी: डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन कशाला? विकलन, संकलन असे चांगले शब्द आहेत.

डबा_पाच: काही पुस्तकांत अवकलन, समाकलन असतं. परीक्षेत ज्या भाषेत लिहायचं, त्याच शब्दांत कार्डं करा. आणि कार्डंच करा.

उलटतपासणी: भागाकाराचा क्रम: खालचा गुणिले वरच्याचा डेरिव्हेटिव्ह, वजा वरचा गुणिले खालच्याचा डेरिव्हेटिव्ह, भागिले खालच्याचा वर्ग. शंका आली तर खाली १ ठेवा. उत्तर वरच्याचाच डेरिव्हेटिव्ह यायला हवं. त्याला वजा चिन्ह आलं तर क्रम उलटा झालाय.

गुणाकाराचा नियम एक्स·एक्स² वर तपासा: १·एक्स² + एक्स·२एक्स = ३एक्स². नुसते दोन डेरिव्हेटिव्ह गुणले तर २एक्स येतं, जे चूक आहे. ही शंका कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लायबनित्झलाही आली होती. नोव्हेंबर १६७५ च्या टिपणांत त्याने नेमकं हेच तपासून पाहिलं आणि तसं होत नाही असं ठरवलं.

कॅल्क्युलेटर आहे तर वापरा. एक्स = १, ए = २ घ्या. (१/२) आर्कटॅन(एक्स/२) ची किंमत १.००१ ला आणि ०.९९९ ला काढा, वजाबाकीला ०.००२ ने भागा. ०.२ यायला हवं, कारण १/(४ + १). ०.४ आलं तर १/ए विसरलात. ११.४६ आलं तर कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे, आणि ही सगळी सूत्रं फक्त रेडियनमध्ये खरी आहेत.

शून्यशेष: लॉगचंही बघा. बऱ्याच कॅल्क्युलस पुस्तकांत नुसतं "लॉग" म्हणजे बेस ई. कॅल्क्युलेटरवरचं लॉगचं बटण बेस १० चं असतं, २.३०३ पटीचा फरक पडतो.

आधी_लॉग: बाय पार्ट्सबद्दल कुणीच बोललं नाही. पहिलं फंक्शन (ज्याचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा ते; दुसऱ्याचं इंटिग्रेशन) निवडायचा क्रम: लॉग, इन्व्हर्स ट्रिग (आर्कसाइन वगैरे), बैजिक (एक्सचे घात), ट्रिग, एक्स्पोनेन्शियल. हर्बर्ट कासुबेच्या १९८३ च्या टिपणात तो असाच आहे, लॉग आधी.

डबा_पाच: इन्व्हर्स आधी, मग लॉग. सगळीकडे तसंच शिकवतात.

आधी_लॉग: ती दोन्ही एकाच गणितात क्वचितच येतात, त्यामुळे क्रमाने सहसा फरक पडत नाही. खरी अडचण वेगळी आहे. एक्स³ गुणिले ई चा एक्स² वा घात: इथे क्रमानुसार एक्स³ पहिलं घेतलं तर उरलेल्याचं इंटिग्रेशन नेहमीच्या फंक्शनांत होतच नाही. एक एक्स तिकडे द्यायचा, एक्स² पहिलं ठेवायचं. आणि ई चा एक्स वा घात गुणिले साइन एक्स मध्ये बाय पार्ट्स दोनदा लागतं. दुसऱ्या वेळी पहिलं-दुसरं बदललं तर सगळं उडून ० = ० उरतं. निवड दोन्ही वेळा तीच ठेवा.

सावकाश: +१ शून्यशेष. पण बहुतेकांचं कॅल्क्युलस नव्हे, ट्रिग आणि बीजगणित विसरलेलं असतं. साइन² चं इंटिग्रेशन अडतं कारण साइन² = (१ − कॉस २एक्स)/२ आठवत नाही. पहिले दोन आठवडे तेच करा, मग डेरिव्हेटिव्ह, शेवटी इंटिग्रेशन.

डबा_पाच: डेरिव्हेटिव्ह आधी, हे बरोबर. त्याचीही कार्डं होतात.

पुन्हा_वही: सगळ्यांचे आभार. मोजपट्टी यांच्या एककांच्या युक्तीने माझा निम्मा गोंधळ गेला. पण कार्डं करत नाही, आणि आधी डेरिव्हेटिव्हही करत नाही. थेट इंटिग्रेशनपासून सुरू करतेय. रोज ४ गणितं, २० मिनिटं. उरलेल्या १० मिनिटांत प्रत्येक उत्तराचा डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ फंक्शन परत येतं का ते बघायचं. म्हणजे डेरिव्हेटिव्हची उजळणी तपासणीतच होईल. जे सूत्र अडेल तेवढंच वहीच्या शेवटच्या पानावर लिहीन आणि दुसऱ्या दिवशी ते पान न उघडता आठवून बघेन.

सावकाश: पाया कच्चा असताना इंटिग्रेशन जड जाईल. साइन² तिसऱ्या दिवशीच अडवेल.

पुन्हा_वही: अडलं की ते शेवटच्या पानावर जाईल.

उलटतपासणी: तपासणीत एक घोळ होतो. साइन·कॉसचं इंटिग्रेशन कुणाला साइन²/२ येतं, कुणाला उणे कॉस²/२. दोन्ही बरोबर, फरक फक्त स्थिरांकाचा, म्हणजे १/२ चा. पुस्तकातलं उत्तर वेगळं दिसलं म्हणून खोडू नका, डेरिव्हेटिव्ह जुळला की पुरे.