अनुभव धागा : वांग चुआनफू, बॅटरी ते बस (कारखान्याच्या आतून)

धागाकर्ता

बॅटऱ्या आणि मोटारी बनवणाऱ्या चीनच्या बीवायडी कंपनीच्या संस्थापक वांग चुआनफूवर "गरीब घरातला पोरगा अब्जाधीश झाला" छापाचं लिखाण रग्गड झालंय. इथे ते नको. सेल बनवणारे, साचे करणारे, डेपोत हात काळे करणारे, ताळेबंद वाचणारे यांनी आपापल्या धंद्याच्या बाजूने लिहावं. हा माणूस नेमकं काय करत होता, ते का चाललं, कुठे फसलं?

चौकट मी टाकतो. जन्म १९६६, आनहुई प्रांतातला वूवेई तालुका. आईवडील शाळकरी वयातच गेले, थोरल्या भावाने शिकवलं. १९८७ ला चांगशामधून धातुकर्माशी निगडित रसायनशास्त्राची पदवी, १९९० ला बीजिंगच्या अलोह धातू संशोधन संस्थेतून पदव्युत्तर. १९९३ ला संस्थेच्याच बॅटरी कंपनीचा व्यवस्थापक म्हणून शेनझेनला. १९९५ मध्ये नात्यातला भाऊ लू श्यांगयांग याच्याकडून २५ लाख युआन घेऊन बीवायडी. माणसं जेमतेम वीस.

धातुकर्मी

पहिला माल निकेल-कॅडमियम बॅटरीचा. जपानी कंपन्या त्यातून अंग काढून घेत होत्या, म्हणजे गिऱ्हाईक होतं आणि बनवणारे कमी होत होते. अडचण यंत्रांची. जपानी स्वयंचलित लाइन त्या भांडवलात येणं शक्यच नव्हतं. त्याने लाइनचे तुकडे केले. पट्टी कापणं, टॅब वेल्ड करणं, गुंडाळणं, डब्यात घालणं, इलेक्ट्रोलाइट भरणं, तोंड बंद करणं असं एकेक काम वेगळं काढलं, प्रत्येकाला जिग (वस्तू नेमक्या जागी धरणारा साचा) दिला आणि त्यावर माणूस बसवला. जिग असा की पट्टी चुकीच्या बाजूने बसतच नाही. कसब जिगमध्ये, हात फक्त ठेवा-उचला करणारा.

लोक इथेच थांबून "स्वस्त मजूर" म्हणतात. खरी मेख रसायनात आहे. शुद्ध निकेलची पट्टी महाग, म्हणून निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद वापरलं. मुलामा गंजू नये म्हणून इलेक्ट्रोलाइटचं सूत्र बदललं. हे धातू शिकलेल्या माणसालाच सुचतं, नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

हातकामात काय बिघडतं, तर सेलागणिक क्षमता बदलते. कॉर्डलेस फोनच्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे तीन सेल एकामागे एक. त्यातला एक कमजोर असला की तो आधी रिकामा होतो, उरलेले दोघे त्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याची ध्रुवता उलटते, आत वायू तयार होऊन झडप उघडते. म्हणून प्रत्येक सेल चार्ज-डिस्चार्ज करून ग्रेडिंग करायचं आणि एकाच गटातले सेल पॅकमध्ये घालायचे. हातकाम स्वस्त पडतं, पण ग्रेडिंगचे रॅक वाढतात. हा खर्च कौतुकाच्या लेखांत दिसत नाही. कॅडमियम ऑक्साइडची धूळ मूत्रपिंडाला वाईट, तेही दिसत नाही.

कोरडीखोली

धातुकर्मी साहेबांच्या पुढचं लिहिते. लिथियम-आयनला ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं मीठ पाण्याच्या अंशाशी भिडलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं, ते आतून सेल खातं. म्हणून भरण्याच्या जागी हवा अतिशय कोरडी, दवबिंदू उणे ४० अंशांच्या आसपास लागतो. अख्खा हॉल तसा ठेवायचा तर विजेचं बिल पाहून डोळे पांढरे होतात, आणि घामेजलेली माणसं हाच त्यातला सगळ्यात मोठा ओलावा. बीवायडीने हॉलऐवजी बंद पेट्या केल्या. पेटीला हातमोजे जोडलेले, माणूस बाहेर, हात आत. कोरडी हवा फक्त पेटीपुरती.

गोम हातमोज्यात. रबरातूनही ओलावा झिरपतो आणि बारीक भोक डोळ्यांना दिसत नाही. मोजे फुगवून दाब उतरतो का ते तपासायचं आणि ठरल्या मुदतीने बदलायचे, ते फाटायची वाट पाहायची नाही. दुसरी गोम कापलेल्या पट्टीच्या कडेला उरणारी बर, म्हणजे धातूची बारीक काटेरी कड. दोन पट्ट्यांमधला विभाजक पडदा २०-२५ मायक्रॉनचा, बर तेवढीच असली की आतल्या आत शॉर्ट. तो लगेच कळत नाही. सेल काही दिवस ठेवून व्होल्टेज किती उतरलं ते पाहिलं तरच सापडतो.

या पद्धतीवर २००० मध्ये मोटोरोला आणि २००२ मध्ये नोकिया गिऱ्हाईक झाले. मग सान्योने अमेरिकेत आणि सोनीने जपानमध्ये पेटंटचे दावे लावले. सान्योशी २००५ मध्ये तडजोड झाली. सोनीचं पेटंटच रद्द करून घेतलं, तेही जपानमध्ये. असा दावा लढताना "आम्ही नक्कल केली नाही" म्हणून भागत नाही, "हे तुमच्या आधीच जगाला माहीत होतं" हे कागदावर दाखवावं लागतं.

साचेवाला

जानेवारी २००३. शीआनच्या चिनछुआन मोटार कंपनीचे ७७ टक्के २६ कोटी ९० लाख युआनना घेतले. हाँगकाँगमध्ये शेअर नोंदवून वर्षही झालं नव्हतं, गुंतवणूकदार उखडले, भाव आपटला. त्याच सुमारास बीजिंगमधला साच्यांचा कारखानाही घेतला. मला विचाराल तर मोटार कंपनीपेक्षा हा सौदा शहाणपणाचा.

एका बाहेरच्या पत्र्याला साधारण चार-पाच डाय (पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे) लागतात : ओढणं, कापणं, कड वळवणं, शेवटचा ठोका. सीएनसीवरून (संगणकावर चालणाऱ्या कापयंत्रावरून) उतरलेली डाय लगेच कामाची नसते. खुणेचा निळा रंग लावून प्रेसवर घ्यायची, ठसा कुठे उमटला ते बघायचं, उंच जागा हाताने घासायची, पुन्हा निळा. एकेका डायला आठवडे जातात. म्हणजे नवी मोटार काढण्यातला एक मोठा खर्च मुळात हातकाम! बॅटरीतला त्याचा हिशेब इथे तंतोतंत लागू पडला.

पहिली स्वतःची गाडी '३१६' विक्रेत्यांना दाखवल्यावर रद्द करावी लागली. मग २००५ ची एफ-३, किंमत ७३,८०० युआनपासून, चेहरा उघडउघड टोयोटा करोलाचा. पण नक्कल करणाऱ्यांचा एक गैरसमज असतो. स्कॅनरने आकार मिळतो. प्रेसमधून सुटल्यावर पत्रा किती अंश मागे उघडतो, त्यासाठी डाय किती जास्त वाकवायची, वेल्डिंग कुठल्या क्रमाने केलं की दार खाली बसत नाही, हे स्कॅनर सांगत नाही. ते सगळं स्वतःच शिकावं लागतं. डायचा कारखाना घरचा असल्याशिवाय तो धडा प्रत्येक गाडीला नव्याने विकत घ्यावा लागला असता.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत कंपनीने मास्क बनवायला घेतले, तिथेही हेच झालं. मास्कच्या यंत्राला सुमारे १३०० सुटे भाग, त्यातले ९० टक्के घरात पाडले.

हिशेबनीस

सप्टेंबर २००८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायरने बीवायडीचे २२.५ कोटी शेअर ८ हाँगकाँग डॉलरने घेतले, साधारण १० टक्के हिस्सा. आग्रह बफे यांचे भागीदार चार्ली मंगर यांचा. पुढच्याच वर्षी वांग चीनचा सर्वांत श्रीमंत. आणि त्याच्या पुढच्या वर्षी दणका. २०१० चं उद्दिष्ट ८ लाख गाड्या, मध्येच ६ लाखांवर आणलं, विकल्या सुमारे ५ लाख २० हजार. कारण सरळ आहे. उद्दिष्ट कारखान्याने ठरवलं, माल विक्रेत्यांच्या गोदामात ढकलला. एकाच शहरात विक्रेत्यांची जाळी एकमेकांवर पडली, सवलतीत मार्जिन गेलं, विक्रेते पळाले. साठा कुठे अडकलाय ते बघायचं तर कंपनीची घाऊक विक्री आणि गाड्यांची प्रत्यक्ष नोंदणी शेजारी शेजारी मांडा. फरक फुगत गेला की समजा.

रेंज_चिंता

बीवायडीच्या ब्लेड बॅटरीबद्दल कोणी लिहील का? सगळे "खिळा मारला तरी पेटत नाही" एवढंच सांगतात.

कोरडीखोली

मार्च २०२० चं उत्पादन. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, सेल साधारण ९६० मिमी लांब, ९० मिमी उंच, १३.५ मिमी जाड. आधीच्या पॅकमध्ये सेलचं मॉड्यूल, मॉड्यूलची पेटी, त्यावर पॅक. इथे मॉड्यूल गाळलं, लांब सेलच आडव्या तुळयांचं काम करतात. त्यामुळे पॅकच्या आकारमानातला सेलचा वाटा सुमारे ४० वरून ६० टक्क्यांवर गेला, असं कंपनी सांगते. पातळ सेलची उष्णता लवकर बाहेर पडते, आणि फॉस्फेट ऑक्सिजन सहज सोडत नाही. खिळ्याच्या चाचणीचं मर्म एवढंच.

तोटे : पॅकमधला एक सेल गेला तर तो सुटा काढणं जिकिरीचं. व्होल्टेजचा आलेख मध्ये सपाट, त्यामुळे उरलेल्या चार्जचा अंदाज हळूहळू भरकटतो. अधूनमधून १०० टक्के चार्ज करा म्हणतात ते यासाठी. थंडीत चार्जिंग मंद. शून्य अंशाखाली चार्जिंग रेटलं तर लिथियम धातू होऊन साचतो.

डेपोतला

बसबद्दल. शेनझेनची १६ हजारांवर बसची फौज २०१७ च्या अखेरीस पूर्ण विजेवर गेली, त्यातल्या बहुतेक बीवायडीच्या. तेच तंत्रज्ञान हैदराबादच्या ऑलेक्ट्रामार्फत आपल्याकडे आलं. पुण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये भेकराईनगर आणि निगडी डेपोंत ९ मीटरच्या २५ बस आल्या.

बीवायडीच्या जुन्या १२ मीटर के-९ बसचं गणित करून बघा. बॅटरी ३२४ युनिट, ४० किलोवॉटचे दोन प्लग मिळून ८०. म्हणजे रिकामी बस भरायला चार तासांच्या वर. रात्री सगळ्या बस एकदम लावल्या तर ट्रान्सफॉर्मर बसतो, म्हणून पाळ्या लावाव्या लागतात. मागच्या आसावर चाकांजवळच ९० किलोवॉटच्या दोन मोटारी, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल नाही, म्हणून मजला खाली ठेवता येतो. पण तेवढं वजन स्प्रिंगच्या खाली येतं. खड्ड्यातला हादरा थेट मोटारीच्या बेअरिंगला आणि जोडवायरींच्या कनेक्टरला. पावसाळ्याआधी इन्सुलेशन रोध मोजून घ्यावा. पाणी शिरलं की बस स्वतःच उच्चदाब तोडते, भर चौकात उभी राहते आणि शिव्या चालकाला.

हिशेबनीस

एक राहिलं. सगळं घरात करणाऱ्या या कंपनीचेही पुरवठादार आहेतच, आणि त्यांना रोख पैशांऐवजी इलेक्ट्रॉनिक देय-पावत्या मिळत. पावती पुढच्याला द्या, नाहीतर सूट कापून वटवा. ताळेबंदात ती रक्कम कर्जात दिसत नाही, देय रकमांत दिसते, म्हणून आधी तिथे बघायचं. जून २०२५ मध्ये चिनी मोटार कंपन्यांनी, बीवायडीसकट, ६० दिवसांत पैसे द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे सूक्ष्म-लघुउद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत. चाकणच्या कुठल्याही जॉबवर्कवाल्याला विचारा, ४५ दिवस कागदावर कुठल्या तारखेपासून मोजतात.

साचेवाला

माल "स्वीकारला" असा शिक्का पडतो त्या दिवसापासून. म्हणून शिक्काच उशिरा मारतात. डिलिव्हरी चलनावर गेटची तारीख आणि सही घेतल्याशिवाय गाडी परत आणायची नाही.